हसवणाऱ्याला ऐकताना



शंकर पाटलांच्या कथाकथनाची कॅसेट ज्या घरात होती, त्या घरात ती एकदाच वाजली असं कधी झालं नाही. पाहुणे आले की लागायची, पाऊस पडून वीज गेली नाही तर रात्री लागायची. पुढचं वाक्य घरातल्या पोरासोरांनाही पाठ असायचं, आणि तरी सगळे हसायचे. विनोदातली गंमत केवळ अनपेक्षितपणाची असती, तर दुसऱ्या खेपेलाच हसू आटायला हवं होतं. ते आटलं नाही, कारण ही माणसं गोष्टीशिवाय आणखी काहीतरी ऐकत होती. ते काय होतं, याबद्दल मला आज बोलायचं आहे.

आज हसवणारे पुष्कळ आहेत. मोबाईलवर स्टँडअप आहे, टीव्हीवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ आहे. ‘चला हवा येऊ द्या’नं तर २०१४ पासून दहा वर्षं घराघरांत ठाण मांडलं होतं. आपण या कलाकारांचे मनापासून चाहते आहोत. पण कार्यक्रम संपल्यावर ‘लई हसलो’ यापलीकडं आपलं बोलणं जात नाही. गाण्याबद्दल मात्र जातं. आपल्या कोल्हापुरात देवल क्लबात बसलेल्या जाणकाराला बंदिश माहीत असते, सम कुठं येणार हेही माहीत असतं. गवई तिथं कोणत्या वाटेनं पोचतोय, हे ऐकायला तो आलेला असतो. हसवणाऱ्यालाही असंच ऐकता येतं. त्यासाठी कानाला थोडी सवय लावावी लागते, एवढंच.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक कलाकार समोर उभा आहे आणि सांगतोय: ‘पाहुण्यांकडं जेवायला गेलो. तांबड्या रश्श्याची वाटी पुढं आली. मामी म्हणाल्या, खावा की पाव्हणं, कायबी तिखट न्हाई, पोरांच्या बेतानं केलंया. मी एक भुरका मारला. डोळ्यांतलं पाणी पुसलं. आणि मग माझं लक्ष गेलं पोरांकडं. पोरं खात होती… दहीभात.’

आता हीच हकिगत अशी सांगून बघा: ‘मामींची पोरं दहीभात खात होती आणि मामी मला म्हणत होत्या की रस्सा तिखट नाही.’ मुद्द्याचं बहुतेक सगळं आलं, पण कुणी हसणार नाही. पहिल्या सांगण्यात ‘दहीभात’ हा शब्द अगदी शेवटी राखून ठेवला होता. मराठीत क्रियापद सहसा वाक्याच्या टोकाला जातं. इथं ते अलीकडं ओढलं आणि टोकाची जागा हसवणाऱ्या शब्दाला दिली. त्यानंतर अक्षरही बोललं नाही. चांगला कलाकार ‘दहीभात’नंतर ‘खात होती’ असं पुटपुटत नाही. पुटपुटला तर हसू उमटायच्या आतच विझतं. तुमचा आवडता कलाकार हशा पिकवतो त्या क्षणी त्याचं शेवटचं अक्षर कोणतं होतं, तेवढं ऐका.

दुसरी गोष्ट त्या शब्दाच्या अलीकडची. ‘पोरं खात होती’ म्हटल्यावर तो थांबला. फार थोडा. त्या थांब्यात तुमचं मन पोरांच्या ताटाकडं धावलं, म्हणजे अर्धं काम तुम्हीच केलंत. थांबा कमी पडला तर मन पोचत नाही, आणि जास्त झाला तर तुम्ही उत्तर आधीच ओळखता. हे माप कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, आणि ते रोज बदलतं, कारण समोरची माणसं रोज वेगळी असतात.

आणि तिसरी गोष्ट बऱ्याच वेळानं येते. कलाकार रस्सा विसरून जुनी स्कूटर विकत घ्यायला गेल्याची हकिगत सांगतोय. विकणारा म्हणतो, ‘भावा, लई सांभाळून वापरलीया.’ कलाकार म्हणतो, ‘मी आधी आजूबाजूला बघितलं, कुणी दहीभात खातंय का.’ इथं सगळं सभागृह एकदम उसळतं. विनोद नवा नाही, उलट मघाचाच आहे. पण तो आता आपल्या सगळ्यांचा झालेला आहे. उशिरा आलेल्या माणसाला तो कळणार नाही. दोनशे अनोळखी माणसांना पंधरा मिनिटांत एक सामाईक आठवण मिळाली. मला या कलेतली ही सर्वांत मोठी करामत वाटते.

आता शंकर पाटलांकडं वळू. १९२६ साली हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीत त्यांचा जन्म झाला. त्यांनी, व्यंकटेश माडगूळकरांनी आणि द. मा. मिरासदारांनी कथाकथन गावोगाव नेलं. लेखक म्हणून तिघांचा मान केवढा, तर माडगूळकर १९८३ साली, पाटील १९८५ साली आणि मिरासदार १९९८ साली साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पाटलांचं कथाकथन ऐकताना एक गोष्ट ध्यानात येते. त्यांच्या गोष्टीतला माणूस विनोद करत नाही. तो आपल्या अडचणीत पार बुडालेला असतो. त्याच्या दृष्टीनं प्रसंग गंभीर असतो, आणि पाटील ते गांभीर्य जराही हलकं करत नाहीत. ‘पिंजरा’सारख्या शोकांत चित्रपटाचे संवादही त्यांनीच लिहिले, यात मला नवल वाटत नाही. माणसाची फजिती आणि त्याचं दुःख ऐकायला कान एकच लागतो.

म्हणून एक मत स्पष्ट सांगतो. पुष्कळदा पडद्यावर ‘लई भारी’ आणि ‘नाद खुळा’ पेरलं की कोल्हापुरी विनोद झाला असं धरलं जातं. आपणही आपली बोली ऐकू आली म्हणून खुशीनं हसतो. पण पाटलांची माणसं बोलीमुळं हसवत नाहीत. ती हसवतात त्यांच्या तर्कामुळं, त्यांच्या हट्टामुळं, आपली बाजू लावून धरण्यामुळं. बोली त्यांची जीभ आहे, मुखवटा नाही. तसंच पुरुषाला साडी नेसवली, कुणाच्या जाडीवर, रंगावर बोट ठेवलं की हशा मिळतो खरा. पण तो हशा कलाकारानं घडवलेला नसतो. तो आपल्या मनात आधीच पडून असतो, कलाकार फक्त उचलून घेतो. या दोन हशांमधला फरक चाहत्यांनी ओळखायला शिकलं पाहिजे.

गप्पांचे कार्यक्रम बघताना नजर आणखी एका माणसावर ठेवा: जो हसवत नाही त्याच्यावर. तमाशात गण-गौळणीनंतर बतावणी येते. तिथं सोंगाड्या वेडंवाकडं बोलतो, पण समोर एक जण शहाणपणानं प्रश्न विचारणारा लागतो. तो गडबडला तर सोंगाड्याचा डाव मोडतो. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’त दादा कोंडके प्रयोगागणिक ताज्या घडामोडी घुसवायचे. ते शक्य व्हायचं, कारण समोरचे नट भांबावून न जाता चेंडू परत फेकायचे. ‘चला हवा येऊ द्या’त भाऊ कदमांच्या समोर निलेश साबळे जे करत होते, ते याच घराण्यातलं काम. नेमकं कुठं विचारायचं, कुठं न समजल्यासारखं करायचं आणि कुठं बाजूला सरायचं, हे त्यांचं कसब. टाळ्या दुसऱ्याला मिळतात, म्हणून आपण ते मोजत नाही.

एकपात्री आणि स्टँडअप यांतही कान वेगळे लागतात. पु. ल. देशपांड्यांचं ‘बटाट्याची चाळ’ आधी १९५८ साली पुस्तक होतं, मग त्यांनी ते रंगमंचावर एकट्यानं उभं केलं. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’त बावन्न पात्रं करायचे. तिथं आवाज बदलतो कसा, एका माणसातून दुसरा माणूस निघतो कसा, हे ऐकायचं. स्टँडअपवाला बहुधा ‘मी’ म्हणून बोलतो. तो स्वतःचा दृष्टिकोन घेऊन येतो, आणि तो खरा आहे की उसना, हे आपण ऐकायचं. ज्याला कशाचीतरी खरोखर चीड आहे किंवा खरोखर ओढ आहे, त्याचा विनोद दुसऱ्याच्या तोंडी बसत नाही. ही ओळखण्याची चांगली खूण आहे.

टीव्हीवर एक अडचण होते. काही कार्यक्रमांत प्रत्येक विनोदामागं वाद्याचा ठोका वाजतो आणि कॅमेरा लगेच हसणाऱ्या चेहऱ्यांवर जातो. आपला थांबा कुणीतरी आपल्याआधी खाऊन टाकतो. अशा वेळी डोळे मिटा आणि नुसतं ऐका. आकाशवाणीवर ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी बाळ कुडतरकरांनी आणि नीलम प्रभूंनी नुसत्या आवाजातून उभे केले होते. कोण हसलं हे दाखवायला तिथं कुणी नव्हतं.

आणि जमेल तेव्हा प्रत्यक्ष जा. हसू सभागृहात पुढच्या रांगेतून मागं सरकतं, आणि जाणता कलाकार ते पुरतं ओसरायची वाट बघत नाही. ओसरू लागलं की पुढचं वाक्य टाकतो. राजर्षी शाहूंच्या काळात उभं राहिलेलं आपलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, तेव्हा कोल्हापूरकरांच्या कित्येक पिढ्या ज्या छपराखाली एकत्र हसल्या ते छप्पर गेलं. हे दुःख मोठं आहे. पण हसवायला निघालेल्या नव्या पोरांना सुरुवातीला तेवढं मोठं छप्पर लागतही नाही. एखाद्या कॅफेत, पंचवीस-तीस खुर्च्यांपुढं ओपन माईक होतो. पाच मिनिटं मिळतात, त्यातले निम्मे विनोद पडतात. तिथं पुढं बसा. शेवटचा शब्द ओळखला तरी ओरडून सांगू नका. व्हिडिओ काढू नका, कारण तो विनोद अजून पुरा झालेला नाही. हसू आलं नाही तर खोटं हसू नका. त्याला खरं उत्तर हवं आहे. पण उठूनही जाऊ नका. महिन्याभरानं तोच पोरगा, तीच पोरगी पुन्हा कुठं उभी राहिली तर जा, आणि तोच विनोद पुन्हा ऐका: कोणता शब्द गळाला, कोणता शेवटी गेला, आणि थांबा कुठं सरकला.