तेल्याचा जंतू आणि मजुराची कात्री



कामगार संघटनेच्या माणसाने डाळिंबावर बोलावे, हे काहींना विपरीत वाटेल. परंतु शिरूरकडे काय किंवा दौंडकडे काय, बाग उपटली की पहिला रोज बुडतो तो छाटणी-फवारणी करणाऱ्याचा. मालकाचे कर्ज बँकेत नोंदलेले तरी असते; मजुराचा बुडालेला रोज कोणत्याच वहीत नसतो.

तेल्या आपण पाहिलेला आहे. पानावर तेलकट डाग, फळावर काळे चट्टे, मग फळ तडकते. ही करणी बुरशीची नव्हे, झँथोमोनास जातीच्या जंतूची. आपल्या देशात तो प्रथम आढळला १९५२ साली, दिल्लीस. महाराष्ट्रात त्याने कहर केला तो या शतकाच्या आरंभी. २००५ साली सोलापूरला डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले.

एका बागेत तेल्या आला तेव्हा मालकाने आमच्या माणसांचा रोज कापला. म्हणे, तुमच्या कात्रीने रोग आणला. कात्रीने रोग पसरतो, हे खोटे नाही. पण निरोगी दिसणाऱ्या गुटी कलमातूनही तो येतो. मग खरा गुन्हेगार कोण, हे ठरवायचे कसे?

प्रत्येक जंतूच्या पोटात चार अक्षरांत लिहिलेला एक मजकूर असतो. तेल्याच्या जंतूचा तो मजकूर २०१२ साली प्रसिद्ध झाला. अक्षरे सुमारे ५० लाख! लिंबावरच्या खैऱ्याचा जंतू याचाच भाऊबंद. सूक्ष्मदर्शकाखाली दोघे सारखेच, फरक अक्षरांत. नुसता तेल्या आहे की नाही एवढेच पाहायचे, तर कोविडच्या दिवसांत ऐकलेली पीसीआर चाचणी पुरे. मात्र हा कोणत्या घराण्याचा, कोणत्या रोपवाटिकेतल्या जंतूशी जुळणारा, हे विचारायचे तर सगळा मजकूर ताडून पाहावा लागतो. तेथे शिकविलेले गणकयंत्र उपयोगी पडते. ओळख पटलेल्या जंतूंचे मजकूर त्याला देतात. कोणते तुकडे कोणात वारंवार येतात हे ते मोजते आणि त्यावरून नव्या जंतूचे नाव सांगते.

कारखान्याच्या फाटकावरचा जुना पहारेकरी बिल्ला न पाहता माणूस ओळखतो, तसेच हे. पण त्याने दिवसपाळीच पाहिली असेल, तर रात्रपाळीवाल्याला तो चोर म्हणून अडवील. यंत्राचेही तसेच होते. आपल्या बागांतले नमुने त्याला कधी दाखविलेच नाहीत, तरी ते ठासून काहीतरी नाव सांगेलच. आणि दोन बागांतले जंतू अगदी सारखे निघाले, तर यंत्रालाही निवाडा करता येत नाही; तेव्हा त्याच्या नावावर कोणी रोज कापू नये.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कलमे घेताना रोपवाटिकेचे नाव असलेली पावती घ्यावी, रोगाचा पहिला डाग दिसताच नमुना तपासणीस धाडावा. आणि कात्री प्रत्येक झाडागणिक औषधाच्या पाण्यात बुडवायची, तर त्या वेळेचाही रोज धरावा. झाडांच्या संख्येवर मजुरी मोजली, तर ती बादली कोरडीच राहणार.