खाटेशेजारची माणसं



सिंधुदुर्गातल्या बांद्यात मूल गंभीर आजारी पडलं की घर दोन दिशांना धावतं. कोणी बांदेश्वराला गाऱ्हाणं घालायला जातं, कोणी गाडी बघायला. प्राथमिक आरोग्य केंद्रातून सावंतवाडीचं उपजिल्हा रुग्णालय, तिथून ओरोसचं मोठं रुग्णालय, नाहीतर पत्रादेवीचा नाका ओलांडून थेट गोव्यातलं बांबोळी. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजची मुळं १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेत आहेत आणि सिंधुदुर्गातली माणसं कित्येक पिढ्या तिथे जात आली आहेत. २०१८ च्या जानेवारीत गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला उतरले, ते याच रस्त्यासाठी.

या गाडीत मुलाबरोबर आई असते, मामा असतो, काकी असते, शेजारचा एखादा धावपळ करणारा तरुण असतो. रुग्णालयाच्या दारात डॉक्टर दिसला की आई विचारते, "तो बरो होतलो मां?" आणि सहीचा कागद पुढे आला की वडील म्हणतात, "तुमी सांगशात तसा." डॉक्टरला माणसांचा हा घोळका अनेकदा अडचण वाटतो. प्रत्यक्षात आजारी मुलाच्या उपचारातली ती सर्वांत विश्वासाची माणसं असतात. त्यांच्या निष्ठेचं वैद्यकाने काय करायचं, हा आज पदवी घेणाऱ्या डॉक्टर आणि परिचारिकांसमोरचा फार मोठा नैतिक प्रश्न आहे. देशाच्या वैद्यकीय कायद्याचा आधारस्तंभ ठरलेल्या एका खटल्यातही हा प्रश्न दिसतो, आणि त्या खटल्याची सुरुवात कोकणच्या किनाऱ्यावर झाली.

६ मे १९५३. सूर्यास्ताच्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर साधारण वीस वर्षांच्या एका मुलाला अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा नव्हता. बांदाही त्याच जिल्ह्यात होतं. घर किनाऱ्यापासून दीड मैलावर. खाट आणून त्याला घरी नेईपर्यंत अंधार पडला. साडेआठ-पावणेनऊला गावातले डॉक्टर आले. पाय हलू नये म्हणून त्यांनी लाकडी फळ्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी मुलाची प्रकृती बरी दिसत होती, तरी पुण्याला नेलं पाहिजे असं त्यांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं. ८ तारखेला त्यांनी कुठून तरी योग्य स्प्लिंट मिळवल्या आणि फळ्या काढून त्या बांधल्या. रात्री एकच्या सुमाराला टॅक्सी निघाली, तेव्हा मुलगा आणि त्याची आई यांच्याबरोबर हे डॉक्टरही गाडीत बसले. सुमारे दोनशे मैलांचा रस्ता कापून तिघे सकाळी साडेअकराला पुण्यात पोचले.

मुलाचे वडील डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले स्वतः वैद्यकीय व्यवसाय करत, दौंडला. तेही पुण्यात आले. ताराचंद रुग्णालयात पाय तपासला, तेव्हा मोडलेल्या हाडाची टोकं एकमेकांवर चढलेली दिसली. मग मुलाला डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी यांच्या रुग्णालयात नेलं आणि दुपारी सव्वादोनला दाखल केलं. मॉर्फियाचं इंजेक्शन झालं, एक्स-रे निघाले, वरच्या मजल्यावरच्या शस्त्रक्रियागृहात पाय प्लास्टरमध्ये घातला गेला. साडेपाचला मुलगा खोलीत परतला. सातपर्यंत गुंगी उतरेल, असं आश्वासन मिळाल्यावर वडील दौंडला निघाले. आई खोलीत राहिली.

साडेसहाच्या सुमाराला तिच्या लक्षात आलं की मुलाला श्वास घ्यायला त्रास होतोय, खोकला येतोय. तिच्यामुळे धावपळ सुरू झाली. तातडीचे उपचार नऊपर्यंत चालले आणि नऊला मुलगा गेला. रक्तात चरबीची गुठळी अडकल्याने मृत्यू, असा दाखला दिला गेला.

आईवडिलांना तो पटला नाही. एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध पुण्याच्या दिवाणी न्यायालयात गेला, पत्नीला बरोबर घेऊन. तिथून मुंबई उच्च न्यायालय, तिथून सर्वोच्च न्यायालय. २ मे १९६८ रोजी, मुलगा गेल्यानंतर १५ वर्षांनी, निकाल कायम झाला. पुरेशी भूल न देता, तीन मदतनिसांच्या साहाय्याने पाय गरजेपेक्षा जास्त जोराने ओढला गेला आणि त्या धक्क्याने मृत्यू ओढवला, हा खालच्या न्यायालयांचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. भरपाई होती ३,००० रुपये. त्याच निकालात डॉक्टरची तीन कर्तव्यं नोंदवली गेली: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना काळजी. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांत ही तीन कर्तव्यं आजही उद्धृत होतात.

कायद्याचे विद्यार्थी हा खटला या तीन कर्तव्यांसाठी वाचतात. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी तो माणसांसाठीही वाचावा. पालशेतच्या डॉक्टरांना आपल्या गावातल्या साधनांची मर्यादा ठाऊक होती. ती त्यांनी लपवली नाही, आणि चिठ्ठी लिहून हातही झटकले नाहीत. वडील डॉक्टर होते, पण मुलावर उपचार करणाऱ्याच्या हाताला त्यांनी धक्का लावला नाही. विश्वासाने मुलगा दुसऱ्याच्या स्वाधीन केला. आणि श्वासातला बदल पहिल्यांदा ओळखला तो आईने. तिचं लक्ष मुलावरून हललं नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट आईचं ऐकण्याची. "कालपासून तो माझ्याकडे बघत नाही", "आज रडणं वेगळं आहे", "दूध ओढत नाही" ही वाक्यं केसपेपरवर जशीच्या तशी लिहावीत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९९५ नंतर ३९ गावांत याच जाणिवेवर काम उभं केलं. गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाचा श्वास मोजायला, बाळ ऊबेत ठेवायला, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायला शिकवलं. आयांना सोबत घेतलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले, त्यानुसार नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. घरातल्या मायेला नेमकी माहिती मिळाली तर ती काय करू शकते, याचा हा महाराष्ट्रातला पुरावा आहे.

दुसरी गोष्ट सहीची. २००८ च्या १६ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्याचा निकाल दिला. दिल्लीतली ४४ वर्षांची स्त्री तपासणीसाठी भूल देऊन टेबलावर होती. बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. जिवावर बेतलेलं नसताना सज्ञान रुग्णाच्या जागी आईची संमती चालणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. आई प्रेमापोटीच हो म्हणाली असेल. पण शरीर मुलीचं होतं.

मूल लहान असतं तेव्हा चित्र बदलतं. बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी पालक संमती देऊ शकतात, ही तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम ८९ मध्ये होती आणि आता भारतीय न्याय संहितेतही आहे. तरी कायद्याने पालकांना दिलेला हा अधिकार मुलाच्या हितापुरता आहे. नऊ वर्षांच्या मुलीला केमोथेरपी सुरू होणार असेल, तर सही वडिलांची. पण केस गळतील, उलट्या होतील, सुई कुठे टोचणार, हे तिला तिच्या भाषेत सांगणं डॉक्टरचं काम. कित्येक घरांत "तिला काही सांगू नका" अशी विनंती होते. त्यामागची माया खरी असते. तरी मुलांना कळतंच: कुजबुजणारी काकी, अचानक घरी आणलेली महागडी खेळणी, रात्री रडणारा बाप. न बोलल्याने मूल आपल्या भीतीत एकटं पडतं. डॉक्टरने आईवडिलांना हे समजावून, त्यांच्या उपस्थितीत, त्यांच्या संमतीने मुलाशी बोलावं.

कधी निष्ठा एका लेकराकडून दुसऱ्या लेकराकडे वळते. थॅलेसेमियाच्या मुलाला अस्थिमज्जा हवी असते आणि सख्ख्या भावंडाची जुळण्याची शक्यता चारात एक असते. आईवडील दोन्ही मुलांचे, सही दोघांसाठी त्यांचीच. निरोगी भावंडाला "तू नाही म्हणालास तर दादाचं काय होईल?" असं घरात कोणी विचारलं, तर त्याच्या होकाराला अर्थ उरत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने २०१० मध्ये यावर भूमिका घेतली: अस्थिमज्जा देणाऱ्या मुलाचं हित पाहणारी स्वतंत्र व्यक्ती असावी, आजारी भावंडावर उपचार करणाऱ्या चमूपासून वेगळी. आपल्याकडच्या लहान रुग्णालयांतही हे जमण्यासारखं आहे. दुसऱ्या विभागातले एक डॉक्टर आणि त्या मुलाबरोबर शांतपणे बसायला अर्धा तास, एवढंच लागतं.

आणि मग पैसा. २०२१ मध्ये स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफी झालेल्या मुंबईतल्या एका चिमुरडीसाठी लोकांनी वर्गणीतून सुमारे १६ कोटींचं औषध आणवलं. आयातीवरचा सुमारे सहा कोटींचा कर केंद्र सरकारने माफ केला. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या एका बाळाला जूनमध्ये तेच औषध मिळालं आणि १ ऑगस्टला ते बाळ गेलं. दोन्ही घरांनी आपल्या लेकरासाठी आकाशपाताळ एक केलं. एका घराचं प्रेम दुसऱ्यापेक्षा कमी नव्हतं. हे डॉक्टरने मोठ्याने सांगायला हवं, कारण मूल गमावलेले आईवडील आयुष्यभर स्वतःला विचारत राहतात की आपण कुठे कमी पडलो. औषध काय करू शकतं आणि काय करू शकत नाही, हे वर्गणी सुरू होण्याआधी सांगितलं गेलं, तर त्या प्रश्नाचं ओझं थोडं हलकं होतं.

सिंधुदुर्गात अशी कोटींची गोष्ट क्वचितच घडते. इथे अधिक वेळा घडतो तो 'डामा': वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेणं. केसपेपरवर सही घेतली जाते आणि प्रकरण मिटतं. पण वडील मुलाला का नेतायत? काजूचा हंगाम आहे आणि बागेत दुसरं माणूस नाही. घरी धाकटं मूल आजीजवळ आहे आणि आजीला दिसत नाही. गाडीभाड्याला आणि खानावळीला आणलेले पैसे संपले आहेत. २०१६-१७ मध्ये दोडामार्ग आणि बांदा परिसरात माकडतापाची साथ आली, ती काजूबागांत आणि रानात काम करणाऱ्यांवरच. ज्या रानावर घर चालतं तिथूनच ताप येत होता. अशा घराला "तुम्हाला मुलाची काळजी नाही" असं बोलणं हा अन्याय आहे. कारण विचारलं तर अनेकदा वाट निघते: समाजसेवा अधीक्षकांकडून मदत, योजनेची कागदपत्रं, दोन दिवस उशिराने परत यायची तारीख.

जेव्हा बरं करणं हाती उरत नाही, तेव्हाही काम संपत नाही. वेदना आणि धाप कमी करणं, आईला बाळाला मांडीवर घेऊ देणं, आजोबांना खोलीत येऊ देणं, हे उपचारच आहेत. अशा शेवटच्या काळजीसाठी शांती आवेदना सदन १९८६ मध्ये मुंबईत उभं राहिलं. गोव्यात लोटलीला त्याची शाखा आहे. बांद्याहून तिथे जाणं मुंबई गाठण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे, पण ते ठिकाण इथल्या घरांना ठाऊक असायला आधी इथल्या डॉक्टरला ठाऊक हवं.

एक शेवटची गोष्ट पदवीधरांच्या स्वतःच्या घरांची. उद्यापासून भाऊबंदांत कोणाचं मूल आजारी पडलं तरी फोन त्यांनाच येईल. "घरातलो डॉक्टर" म्हणून निर्णयही त्यांच्याकडेच मागितला जाईल. तिथे डॉ. गोडबोले यांच्यासारखे उपचार दुसऱ्याला करू द्यावेत, आणि आपण त्या आईसारखं घरचं माणूस म्हणून डोळे उघडे ठेवून उभं राहावं.

आज पदवी घेतलेल्यांपैकी काही जण याच पट्ट्यातल्या आरोग्य केंद्रांत रुजू होतील. त्यांनी पहिल्या महिन्यात एवढं करावं: गंभीर मुलाला घरी सोडताना धोक्याची लक्षणं मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून द्यावीत, १०८ च्या बरोबर केंद्राचा फोन नंबर लिहावा, आणि आईकडून ती लक्षणं एकदा म्हणवून घ्यावीत.