मोतीचे रक्तदान
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



२०२३ च्या श्रावणात शेजारच्या वहिनींच्या राजाला गोचीडताप झाला. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. डॉक्टर म्हणाले, "आजच रक्त हवे, तेही कुत्र्याचेच." आमचा मोती ३० किलोंचा, धडधाकट. पण माझे मन कचरले. 'त्यालाच काही झाले तर?' या विचारात मी दोन तास घालवले. त्याची आजही लाज वाटते.

दोघांचे रक्त जुळते हे पाहून मोतीच्या मानेच्या शिरेतून रक्त घेतले. रात्री मोती नेहमीसारखा जेवला. दुसऱ्या दिवशी राजाने शेपूट हलवली.

रक्त देणारा कुत्रा साधारण १ ते ८ वर्षांचा, २५ किलोंहून वजनदार, निरोगी आणि लसी टोचलेला असावा. मांजरांचे रक्तगट अ, ब आणि अब. त्यांच्यात चुकीच्या गटाचे रक्त पहिल्याच वेळी जीव घेऊ शकते. म्हणून तपासणी हवीच.

माझी विनंती एवढीच, की आपल्या आळीतल्या अशा कुत्र्यामांजरांची नावे मंडळाच्या वहीत आजच लिहून ठेवूया. माझ्यासारखे दोन तास कुणी दवडू नयेत. पहिले नाव मोतीचे लिहा.