एंजिनाचा श्वास आणि त्याची तत्परता



आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. टर्बोचार्जर बसविलेल्या मोटारीची शक्ती आणि तत्परता कशी वाढवावी, ही चर्चा गॅरेजात शोभावी. तिला व्याख्यानपीठावर जागा कशाला, असे कोणी विचारील. त्यावर आमचे म्हणणे एवढेच की, हा टर्बो आता आपल्या दारातल्या साध्या मोटारीतही येऊन बसला आहे, आणि 'अजून थोडा जोर हवा' हा मोह घरातल्या तरुणांना पडू लागला आहे. तो मोह डोळसपणे पुरविला तर आनंद आहे. आंधळेपणाने पुरविला तर एंजिन जाते, आणि प्रसंगी माणूसही जातो.

मुळापासून पाहू. एक किलो पेट्रोल नीट जळावयाचे, तर त्याला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एंजिनाची शक्ती पेट्रोलाच्या टाकीपेक्षा त्याच्या श्वासावर ठरते. लोहार भट्टीत नुसते कोळसे टाकीत बसत नाही. तो भाता ओढतो. टर्बो हा एंजिनाचा भाता होय. एका दांड्यावर दोन चाके असतात. बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर एक फिरते आणि दुसरे ताजी हवा दाबून सिलिंडरात कोंबते. इंधनातली सुमारे एक तृतीयांश उष्णता धुरावाटे फुकट जाते. तिच्यातलाच थोडा वाटा हा भाता ओढून घेतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट मागितले. पुढे १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी पाइक्स पीक या डोंगरावर, सुमारे १४,००० फूट उंचीवर, लिबर्टी नावाचे विमानाचे एंजिन चालवून दाखविले. विरळ हवेत ज्याची शक्ती एरवी तिसऱ्या हिश्शाने घटली असती, त्याने टर्बोच्या साह्याने समुद्रसपाटीवरची सुमारे ३५० अश्वशक्ती तिथेही दिली.

मग अडचण कुठे आहे? ती दोन ठिकाणी आहे : उष्णतेत आणि वेळात.

सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड तापते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. ३० अंशांची हवा दुप्पट दाबाने कोंबली की चांगल्या टर्बोतूनही ती सुमारे १२० अंशांची होऊन बाहेर पडते. तापलेली हवा फुगते. त्यामुळे दाब दुप्पट झाला, तरी सिलिंडरात पोहोचलेली हवा जेमतेम दीडपट भरते. हीच हवा वाटेत इंटरकूलरमधून ५० अंशांपर्यंत निववली, तर ती पावणेदोनपटीहून अधिक होते. दाब न वाढविताही शक्ती वाढते ती अशी. शिवाय तापलेल्या हवेतले पेट्रोल ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच ठिकठिकाणी आपोआप भडकते. यालाच मिस्त्री लोक 'नॉकिंग' म्हणतात. हे हातोडीचे घाव पिस्टनच्या माथ्यावर बसतात आणि पिस्टनला भोक पाडूनच थांबतात.

अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबील जेटफायर ही टर्बोची मोटार बाजारात आली. साडेतीन लिटरच्या तिच्या एंजिनातून २१५ अश्वशक्ती मिळे. नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मेथॅनॉल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीतून हवेत फवारले जाई. युक्ती नामी होती. पण ती टाकी मालकाने आठवणीने भरावी लागे. टाकी रिकामी झाली की एंजिन आपला जोर आवरून धरी, आणि मालक तक्रार करी. अनेकांनी पुढे टर्बोच काढून टाकविला, आणि दोन वर्षांत ही मोटार बंद झाली. यंत्र सुधारताना ते वापरणाऱ्याचा स्वभावही हिशेबात धरावा लागतो, हे या कथेवरून दिसते.

आता वेळेविषयी. चालकाने पाय दाबला की आधी धूर वाढावा लागतो, मग चाकाने वेग घ्यावा, मग हवा दाबली जावी, आणि मग गाडीने उसळी घ्यावी. मधल्या या खोळंब्याला 'लॅग' म्हणतात. लहान मोटारीतल्या टर्बोचे चाक मिनिटाला दीड लाखाहून अधिक फेरे घेते. तिथवर पोहोचावयास वेळ लागणारच. आणि इथेच नवशिक्याची फसगत होते. मोठा टर्बो म्हणजे मोठी शक्ती, असे तो समजतो. ते खोटे नाही. परंतु त्याच घडणीच्या चाकाचा व्यास सव्वापट केला, तर फिरण्याला होणारा त्याचा विरोध तिप्पट होतो. मग शर्यतीत शोभणारी ती गाडी घाटाच्या वळणावर आणि गावाच्या चौकात मात्र आळशी बैलासारखी बसकण मारते.

रेनो कंपनीला हा धडा जगासमोर शिकावा लागला. १९७७ साली सिल्व्हरस्टोन येथे तिने दीड लिटरच्या एंजिनावर एकच मोठा टर्बो बसवून फॉर्म्युला वन शर्यतीत गाडी उतरविली. एंजिन वारंवार वाफा टाकी म्हणून इंग्रज प्रतिस्पर्ध्यांनी त्या गाडीला 'पिवळी किटली' असे नाव ठेविले. १९७९ साली रेनोने त्या एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान टर्बो लावले, आणि त्याच वर्षी दिजों येथे झां-पिएर झाबुई यांनी ती शर्यत जिंकली. साब या स्वीडिश कंपनीने रस्त्यावरच्या मोटारीसाठी हीच वाट धरिली. तिच्या ९९ टर्बो गाडीत दोन लिटरच्या एंजिनावर मुद्दाम लहान टर्बो होता, आणि दाब मर्यादेबाहेर जाऊ लागला की जादा धूर बाजूने सोडणारी झडप होती. शक्ती १४५ अश्वांचीच. पण ती हाकेसरशी धावून येई.

तेव्हा ज्यांना आपली गाडी सुधारावयाची आहे, त्यांनी क्रम पाळावा. प्रथम एंजिनाची प्रकृती तपासावी : चारही सिलिंडरांचा दाब सारखा आहे काय, नळ्यांतून हवा गळते काय, तेल स्वच्छ आहे काय. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल घाण झाले की तो पहिला बळी पडतो. दुसरे, श्वासाचा मार्ग मोकळा करावा. चांगला इंटरकूलर आणि धूर सहज जाऊ देणारा पाइप यांनी शक्ती व तत्परता दोन्ही वाढतात. तिसरे, इंधनाचा पुरवठा वाढत्या हवेला पुरेल याची खात्री करावी. दाब वाढविण्याची पाळी या सर्वांनंतर येते. आज पाना न फिरवता, केवळ एंजिनाच्या संगणकातले आकडे बदलून दाब वाढविता येतो. ते स्वस्त आणि सोपे असते, म्हणून पुष्कळ जण तिथूनच सुरुवात करतात, आणि एंजिनाचा दुबळा अवयव कोणता हे त्यांना तो मोडल्यावर कळते. टर्बो बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा, तोही आपण गाडी कुठे चालवितो हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारून. क्लच आणि ब्रेक यांचा खर्चही त्याच अंदाजपत्रकात मांडावा. जी गाडी लवकर वेग घेते, तिला लवकर थांबताही आले पाहिजे.

कायद्याचेही भान हवे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ५२ वे कलम असे सांगते की, नोंदणीपत्रातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाने करू नये. मान्यता मिळालेल्या काही बदलांचा अपवाद तेवढा आहे. अपघात घडला तर विम्याची कंपनीही हाच प्रश्न पुढे करील. ज्यांना ताकद अजमावयाची हौस आहे, त्यांच्यासाठी चेन्नई आणि कोइमतूर येथे शर्यतीचे बांधीव मार्ग आहेत. आपल्या गावचा रस्ता शाळकरी मुलांचा, भाजीवाल्यांचा आणि म्हाताऱ्या माणसांचाही आहे.

आमचा तरुण श्रोत्यांना आग्रह आहे तो असा : एंजिन जरूर उघडा, हात काळे करा, दर बदलाआधी आणि नंतर मोजमाप करून वहीत टिपून ठेवा. परंतु किती अश्वशक्ती वाढली याबरोबरच पाय दाबल्यापासून गाडीने साद देईपर्यंत किती वेळ गेला, हेही मोजा. रोजच्या वापरात तुम्हाला आणि तुमच्या शेजारी बसणाऱ्याला सुख मिळेल, ते पुष्कळदा या दुसऱ्या आकड्यामुळे.