उतारावरील ट्रॉली आणि तापलेला ब्रेक

(रस्ता सुरक्षेविषयी ग्रामस्थांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



उसाचा हंगाम सुरू झाला की बेळगाव परिसरातील रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरून जातात. ट्रॉली किती माल ओढील याचा हिशेब आपण आधी करतो. ती थांबेल काय, हा विचार मात्र उतार लागल्यावर सुचतो.

ब्रेक हा गतीचे रूपांतर उष्णतेत करतो. दहा टनांची ट्रॉली ५०० मीटर उंचीचा घाट ब्रेकच्याच भरवशावर उतरली, तर चाकांच्या इतर घर्षणाचा वाटा वगळूनही सुमारे शंभर लिटर थंड पाणी उकळेल एवढी उष्णता निर्माण होते. या उष्णतेने ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर सरतो, लायनरची पकडही कमी होते. पेडल खोल जाते आणि गाडी ऐकेनाशी होते.

हे संकट पूर्वसूचना देऊन येते. जळका वास, चाकातून धूर, नरम पडलेले पेडल, एका बाजूस ओढ, यांपैकी एकही खूण दिसताच सुरक्षित जागी थांबावे व चाकांना ओंडके लावावेत. हाताची पाठ स्पर्श न करता प्रत्येक चाकाजवळ न्यावी. एक चाक फार गरम असेल तर त्याचा ब्रेक घासतो आहे. एखादे अगदीच थंड असेल तर त्याचा ब्रेक काम करीत नाही व त्याचा भार इतरांवर पडला आहे. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, तो तडकतो. तापमान दाखवून चालकास दिव्याने इशारा देणारी साधने आता उपलब्ध आहेत. परंतु जागरूक चालकाची जागा ती घेऊ शकत नाहीत.

अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. मग सारा भार ट्रॅक्टरवर येतो व मागील ट्रॉली त्यास ढकलते. म्हणून रस्त्यावर येताना ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक-पेडले खिटीने जोडावीत, उतारापूर्वीच खालचा गियर घालावा आणि डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये कदापि सोडू नये. वेग दुप्पट झाला की ब्रेकवरील काम चौपट होते.

२०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारास २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड आहे. परंतु दंड भरून गेलेला जीव परत येत नाही. त्याच रस्त्याने आपली मुले शाळेत जातात, याचे स्मरण ठेवून ट्रॉली भरावी, एवढीच विनंती.