इष्टवियोग आणि शिरपूरचे बंद दार



घरात मृत्यू झाला की समाज धावून येतो. उठावणे होते, भेटीस येणाऱ्यांची रीघ लागते, रडण्यास वाट मिळते. परंतु चालती पेढी बंद पडली, भावाभावांत वाटणी झाली, मुलीचा संसार मोडला, तर भेटीस कोण येतो? आलाच तर देण्या-घेण्याचे विचारून जातो.

शास्त्रकारांनी असा भेद केलेला नाही. दोन्ही आम्नायांस मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार येतात. त्यांतील इष्टवियोग म्हणजे जे प्रिय ते दुरावले असता त्याचेच अखंड चिंतन; मग ते माणूस असो, धन असो वा मान.

उदाहरण दूर शोधावयास नको. मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिरास 1981 साली कुलूप लागले. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. पूजेच्या वेळा दोन्ही आम्नायांनी 1905 मध्ये समझोत्याने वाटून घेतल्या होत्या. वाद पुढे प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, 1929 मध्ये निकाल झाला, तरी मिटला नाही. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी 2023 मधील आदेशानंतर मार्चमध्ये दार उघडले. 1981 मध्ये चाळिशीचा असलेला श्रावक, हयात असल्यास, तेव्हा 82 वर्षांचा होता.

प्रभू कोठे गेले नव्हते. झरोक्यातून दर्शन घडे. गेली होती ती प्रक्षाळ-पूजा. अशा दुःखास तिथी नसते, म्हणून ते संपतही नाही. त्यातच दोष कोणाचा हा प्रश्न मिसळला की वियोगाचा द्वेष होतो, आणि द्वेष करणाऱ्यास आपण शोक करीत आहोत हे कळतही नाही. ज्याने झरोक्यासमोर हात जोडून घरी 48 मिनिटांचे सामायिक चुकविले नाही, त्याचे दुःख नाहीसे झाले असे नव्हे. त्यास बसावयास जागा मिळाली.

येथे एक सांगणे आवश्यक आहे. अनित्य भावना स्वतः चिंतन करण्याची आहे. ज्याचे दुकान बुडाले त्यास ‘सर्व अनित्य आहे’ असे ऐकविणाऱ्याने आधी स्वतःच्या तिजोरीकडे पाहावे.

दार उघडल्यावरही तंटे झाले. आणि 1981 नंतर जन्मलेल्यांस तर काय गमावले होते तेच ठाऊक नव्हते. ते सांगणारी वडीलधारी मंडळी 2023 पर्यंत कितीशी उरली होती?