अंतराळात रागी कोण?

पत्रिकेत विषय छापलाय ‘अंतराळ, एकटेपणा आणि एकपात्री रंगभूमी’. पुढच्या रांगेतले एक आजोबा मघाशी विचारत होते, “एकच नट, तोही पृथ्वीवरच. मग तिकीट कशाचं?” (हशा)

चंद्राची शर्यत मी तुम्हाला काय सांगणार! भिलाई पोलाद कारखान्याच्या 1955च्या करारानंतर आपल्या ज्या गावात रशियन इंजिनिअर बिऱ्हाडं घेऊन आले, त्या गावाला गागारिन शेजारचाच. पुढे जातो.

क्वेबेकचे रॉबेर लपाज यांनी 2000 साली ‘चंद्राची पलीकडची बाजू’ या अर्थाच्या नावाचा प्रयोग केला. आई नुकतीच गेलेली. दोन भाऊ, एकमेकांशी धड बोलत नाहीत. दोन्ही भाऊ लपाजच. एक टीव्हीवर हवामान सांगतो. दुसरा, फिलिप, अंतराळ-शर्यतीवर प्रबंध लिहितो. तो प्रबंध कुणालाच नको असतो. रंगमंचावर वॉशिंग मशीनचं गोल दार. फिलिप त्यातून आत शिरतो आणि दार यानाचं होऊन जातं.

दारावरून पंडवानीत महाभारत गाणाऱ्या तीजनबाईंचा तंबोरा आठवला. क्षणात भीमाची गदा, क्षणात अर्जुनाचं धनुष्य. गनियारीची बाई, आपल्याच प्लांटमध्ये नोकरी केलेली. गाते म्हणून समाजाने वाळीत टाकलं, तर वेगळी झोपडी बांधून, शेजारपाजारची भांडी मागून राहिली. गाणं सोडलं नाही. आणि या पंडवानीला लोक खुशाल एकपात्री म्हणतात! अहो, रागी कुठे गेला? बाजूला बसून ‘हव’ म्हणणारा, मध्येच “मग काय झालं?” विचारणारा? तो विचारतो म्हणून भीम पुढे सरकतो. माझं ठाम मत आहे: गर्दीत असा नाहीतर यानात, रागी उठून गेला की माणूस एकटा.

मागून कुणीतरी ‘बटाट्याची चाळ’ म्हणालं. ठाऊक होतं, हे येणारच! पुलंनी अख्खी चाळ एकट्याने उभी केली, लक्ष्मण देशपांड्यांनी वऱ्हाड लंडनला नेलं. तिथे रागी कुठला? तुम्ही. तुमचा हशा. नाही, पळवाट नाही ही! रिकाम्या खुर्च्यांपुढे चाळ करून बघा.

जुलै 1969. आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन खाली चंद्रावर, मायकेल कॉलिन्स वर यानात. दर फेरीत चंद्रामागे गेला की 48 मिनिटं रेडिओ बंद. ह्यूस्टनचा रागी गप्प. तरी आपल्याला एकटं वाटलं नाही, असं कॉलिन्सने पुढे लिहिलंय. वाटेल कसं? एकोणपन्नासाव्या मिनिटाला कोण बोलणार हे माहीत होतं. फिलिपला ते माहीत नाही. तो आपल्या घराचा व्हिडिओ करतो, परग्रहावरच्यांना पाठवायला. मॉस्कोला व्याख्यानाचं बोलावणं येतं, तर घड्याळ तिथल्या वेळेला लावायचं विसरतो. पोचतो तेव्हा सभागृह रिकामं. (हशा) कार्यवाह, तुम्ही हसू नका.

चिठ्ठी आली. नाइट शिफ्टवाल्यांना निघायचंय. आरसा राहिला! भराभर सांगतो. शेवटी लपाज जमिनीवर लोळतात आणि वरच्या तिरप्या आरशात आपल्याला ते तरंगताना दिसतात. झालं. आणि प्रयोगात एक चिमुकला अंतराळवीर आहे, बाहुली. ती हलवायला अंधारात दुसरा कलावंत उभा असतो. जाहिरातीत मात्र ‘एकपात्री’.